महाग यंत्र आणि त्याचा भरवसा

देवळाच्या निधीतून एखादी वस्तू घ्यावयाची म्हटली की विश्वस्तांच्या बैठकीत दोन पक्ष पडतात, हा अनुभव नवा नाही. समई घ्यावयाची असो, घंटा घ्यावयाची असो, वा कीर्तनकाराचा आवाज सभामंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचविणारे ध्वनिवर्धक यंत्र घ्यावयाचे असो. एक पक्ष म्हणतो, ‘एकदाच घ्या, पण उत्तमातले उत्तम घ्या’. दुसरा म्हणतो, ‘पैसा भाविकांचा आहे, काम भागेल एवढेच घ्या.’ समईच्या बाबतीत वाद लवकर मिटतो. पितळेचे वजन तराजू सांगतो आणि तिचा टिकाऊपणा वाडवडिलांच्या समया सांगतात. यंत्राचे तसे नाही. त्याची पेटी बंद असते. आत काय आहे हे घेणाऱ्यास दिसत नाही. आणि म्हणून किंमत हीच गुणाची खूण असे मानून आपण मोकळे होतो. गुजरातेत एक म्हण आहे, ‘सस्तुं भाडुं ने सिद्धपुरनी जात्रा.’ भाडेही थोडे आणि यात्राही पदरात! असा योग यंत्राच्या बाबतीत क्वचितच येतो, हे खरे. परंतु जास्त भाडे दिले म्हणजे यात्रा घडतेच, हे तरी खरे आहे काय?

हा प्रश्न आजच्या भ्रमणध्वनीच्या आणि दूरचित्रवाणी संचाच्या दिवसांत घरोघर पडलेला आहे. एखाद्या भ्रमणध्वनीची किंमत लाखाच्या वर जाते. २०२३ साली बाजारात आलेला ‘आयफोन १५ प्रो’ भारतात १,३४,९०० रुपयांपासून पुढे विकला गेला. तेवढ्या पैशांत तेवढा भरवसा मिळतो काय, याचे उत्तर केवळ आजच्या जाहिरातींवरून देता येणार नाही. आवाज आणि चित्र घरात आणणाऱ्या यंत्रांचा जो इतिहास आमच्या वडोदऱ्याने आणि विशेषतः वाडीसारख्या मराठी वस्तीने पाहिला, त्याकडे थोडे वळून पाहिले तर उत्तर अधिक स्पष्ट होईल, असे आम्हांस वाटते.

वाडी हा जुन्या वडोदऱ्याचा भाग. मांडवीच्या दक्षिणेस, गेंडी दरवाजाच्या अंगाला, रंगमहालाच्या आसपास पसरलेल्या या वस्तीत गायकवाडी अमलापासून मराठी घरे नांदत आली. बाहेर गुजराती, घरात मराठी, देवघरात दोन्ही, असा तिचा थाट. महाग वस्तूंचे या नगरीला नावीन्य नाही. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करविल्या आणि त्यांच्यामागून १८७० साली गादीवर आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या करविल्या, ही हकीकत वडोदऱ्यात सर्वश्रुत आहे. त्या तोफा मिरविण्यासाठी होत्या, लढण्यासाठी नव्हेत. सोने हा मऊ धातू. रणात तोफेला जे सोसावे लागते ते सोसण्याचा त्याचा धर्म नव्हे. तरीही जगातील सर्वांत महाग तोफ कोणती असे कोणी विचारले असते तर वडोदऱ्याकडेच बोट गेले असते. किंमत एका गुणाची आणि भरवसा दुसऱ्या गुणाचा, हा धडा या नगरीने असा फार पूर्वी गिरविला.

त्याच नगरीने दुसराही धडा घालून दिला. १८९० साली सयाजीराव महाराजांनी प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती ‘कलाभवन’ सोपविले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला अशा हाताच्या विद्या तेथे शिकविल्या जात. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून गाजलेले दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी. यंत्र विकत घेणारा समाज आणि यंत्र उघडून पाहणारा समाज यांत जे अंतर आहे, ते ओळखून ही संस्था काढली गेली होती. सोन्याची तोफ आणि कलाभवन ही दोन टोके ध्यानात ठेवूनच पुढील हकीकत वाचावी, अशी वाचकांस विनंती आहे.

आवाजाच्या यंत्रांत पहिला मान तबकडीचा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आले आणि गौहरजानसारख्या गायिकांचा आवाज मुद्रित करून गेले. तबकडी लाखेची, आणि ती लाख बहुतांशी आपल्याच देशातील. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावे. वडोदऱ्याच्या दरबारात ज्यांनी उमेदीची वर्षे काढली ते अब्दुल करीम खाँ, आणि दरबारचे भूषण म्हणून जे शेवटपर्यंत, म्हणजे १९५० साली देह ठेवीपर्यंत, वडोदऱ्यात राहिले ते फैयाज खाँ, या दोघांचेही गाणे आज आपणांस ऐकू येते ते या तबकड्यांमुळे. ग्रामोफोनचे यंत्र चावीचे होते. त्याची स्प्रिंग तुटे, ती घड्याळजी बसवून देई. सुई झिजे, ती प्रत्येक तबकडीला नवी लावावयाची असे. शिसवी लाकडाच्या मोठ्या यंत्रातून आवाज भरदार निघे, पत्र्याच्या लहान पेटीतून किरटा निघे. परंतु बंद पडण्याच्या बाबतीत दोघांची जात एकच होती, आणि दुरुस्तीचा मार्गही एकच होता. महागाने कानाला जास्त दिले. आयुष्य मात्र राखणाऱ्याच्या हातांनी दिले.

खरा प्रश्न उभा राहिला तो रेडिओ आल्यावर. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. तथापि प्रसार किती तोकडा होता पाहा. देश स्वतंत्र झाला तेव्हा ऑल इंडिया रेडिओची केंद्रे अवघी ६ आणि प्रक्षेपक १८ होते. देशाच्या शेकडा अडीच भूमीवर व शेकडा ११ लोकांपर्यंतच त्यांचा आवाज पोचत असे. उरलेल्यांनी करावे काय? दूरचा क्षीण आवाज पकडील असे जबर यंत्र घ्यावे, एवढाच मार्ग होता. यंत्र महाग का, याचे उत्तर त्या काळी आजच्याहून पुष्कळ सरळ होते. यंत्रात व्हॉल्व्ह जितके अधिक, तितकी दूरची लहर पकडून तिला बळ देण्याची शक्ती अधिक. शेजारशेजारच्या दोन केंद्रांचे आवाज निराळे काढण्याची ताकद अधिक. आणि लघुलहरींचे पट्टे जास्त, म्हणजे लंडन आणि कोलंबोही घरात. जास्त दाम म्हणजे जास्त अंतर, असा तो उघड हिशेब होता.

आता या हिशेबात वडोदऱ्याची गंमत अशी की, या संस्थानाचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. १९४८ च्या डिसेंबरात ते ऑल इंडिया रेडिओकडे आले. प्रक्षेपक गावातच असल्यावर लहानशा यंत्रावरही आवाज खणखणीत येतो. इतका की विजेवाचून चालणारे, एका स्फटिकाच्या खड्यावर बांधलेले यंत्रही कानाला लावण्याच्या चकत्यांतून तो ऐकवू शकते. म्हणजे ज्याने केवळ गावचे केंद्र ऐकण्यासाठी आठ व्हॉल्व्हचे यंत्र घेतले, त्याचे पैसे निम्म्याहून अधिक शोभेत गेले. जे यंत्र गरजेचे होते ते शोभेचे झाले. यंत्र बदलले नव्हते, भोवताल बदलला होता. महाग वस्तूची किंमत रास्त आहे की नाही हे वस्तूकडे पाहून ठरत नाही. ती कोठे आणि कशासाठी ठेवावयाची यावरून ठरते.

तरी वाडीतल्या मराठी घरास मोठ्या यंत्राचा मोह का सुटला नाही? १ मे १९४९ रोजी वडोदरा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य होताच वडोदरा गुजरातेत आले. दरबार गेला, दरबाराची मराठी गेली. गावच्या केंद्राची मुख्य भाषा साहजिकच गुजराती. मराठी कीर्तन, मराठी नाटक, मराठी भावगीत ऐकावयाचे तर मुंबईकडे किंवा पुण्याकडे कान लावणे भाग होते. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथून गीतरामायणाचा आरंभ झाला. ग. दि. माडगूळकरांची रचना आणि सुधीर फडके यांचे संगीत. आठवड्यास एक गीत याप्रमाणे वर्षभर चालावयाचे, परंतु त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ५२ ऐवजी ५६ गीते झाली आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस सांगता झाली. महाराष्ट्रात रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकावयास बसत, हे आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

पण पुणे वडोदऱ्याहून सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून दूर. मध्यम लहरींचा स्वभाव असा की, दिवसा वातावरणाचा वरचा थर त्यांस गिळून टाकतो आणि त्या फार दूर जात नाहीत. रात्री तो थर विरतो व लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो कोसांवर उतरतात. म्हणून दूरचे मराठी ऐकावयाचे तर यंत्र सशक्त हवे, एरियल उंच हवी, आणि खरखरीतून शब्द वेचण्याचा धीर हवा. अशा घराने जास्त व्हॉल्व्हच्या यंत्रास मोजलेला जास्तीचा पैसा आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही. तो पैसा लाकडी पेटीचा नव्हता, मॅजिक आयच्या हिरव्या उजेडाचाही नव्हता. परमुलखात आपली भाषा कानी पडावी याचा होता. ज्या गुणासाठी दाम मोजला तो गुण खरोखर हवा होता व तो मिळाला. मग किंमत रास्त.

येथवर किमतीचे झाले. भरवशाचे काय? जुना रेडिओ तीस-तीस वर्षे चालला असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ते अर्धसत्य आहे. तो बंद पडतच होता, आणि बरेच वेळा पडत होता. व्हॉल्व्ह हा तापणारा पदार्थ. काही हजार तासांनी तो थकावयाचाच. कंडेन्सर सुकला की आवाजात घुमघुम सुरू होई. स्पीकरचा कागदी कोन पावसाळ्यात ओलावून फाटे. विजेचा दाब चढला की ट्रान्सफॉर्मर जळे. महागड्या यंत्रात व्हॉल्व्ह अधिक, म्हणून बिघडण्याच्या जागाही अधिक! असे असूनही त्याच्यावर भरवसा होता. कारण तो दुरुस्त होत होता. मागचा पुठ्ठा चार स्क्रूंनी निघे. पुष्कळ यंत्रांत कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा नकाशा आतच चिकटविलेला असे. व्हॉल्व्ह हाताने उपसून नवा खोचता येई, आणि एका कंपनीचा व्हॉल्व्ह दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातही पुष्कळदा चाले. कलकत्त्याचा फिलिप्स असो, ठाण्याचा मर्फी असो, की टाटांच्या घरचा नॅशनल एको असो. गल्लीच्या टोकाचा रेडिओ दुरुस्त करणारा तिन्ही उघडी आणि तिन्ही बोलके करी. त्याची विद्या पुस्तकांपेक्षा नाकाची आणि बोटांची होती. जळका वास कोठून येतो हे हुंगून तो अर्धे निदान करी.

आणि मालकही आपल्या परीने सेवा करी. धूळ बसू नये म्हणून भरतकामाचे झाकण. विजा चमकू लागल्या की एरियलची तार काढून ठेवण्याची शिस्त. टपाल कचेरीत दरवर्षी परवाना नवा करण्याची आठवण. हा परवाना १९८० च्या दशकात रद्द होईपर्यंत चालू होता. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर शिवणयंत्र, सायकल आणि रेडिओ यांनाही हळदकुंकू लागे. या पूजेची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. परंतु पूजेपूर्वी ते यंत्र पुसले जाई, तेलपाणी होई, सैल झालेले आवळले जाई, हे ते विसरतात. वर्षातून एक दिवस तरी प्रत्येक यंत्राकडे कोणाचे तरी लक्ष जाणे, यालाच आजच्या भाषेत नियमित देखभाल म्हणतात.

यंत्राचा भरवसा दामापेक्षा हातांवर अधिक असतो, याचे एक उज्ज्वल उदाहरण आमच्या कोंकणी वाचकांच्या घरचेच आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा आणि नगरहवेली पोर्तुगिजांच्या हातून मुक्त झाली. त्या मोहिमेत गीतरामायणाचे सुधीर फडके स्वतः होते. तेथून पळालेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे बिनतारी संच मागे राहिले. ते गोव्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांच्या हाती आले. जाणकारांनी त्यांत फेरफार करून प्रक्षेपक सिद्ध केला आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोमंतकाच्या सीमेवरील रानातून कोंकणी व पोर्तुगीज भाषांत स्वातंत्र्याचा आवाज घुमू लागला. आधी आंबोलीचे जंगल, मग कॅसलरॉक. साप, पाऊस, दमट हवा. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते केंद्र १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालविले, आणि मुक्तीची वार्ता विमानातून ध्वनिवर्धकावर पुकारली तीही याच दोघांनी. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्या सेवेची आठवण ठेवली. पणजीत पोर्तुगीज सरकारचे ‘एमिसोरा द गोवा’ हे सुसज्ज केंद्र होते. रानात होते ते जुन्या संचांतून उभारलेले यंत्र. परंतु ते ज्यांच्या हाती होते त्यांस त्याचा प्रत्येक सांधा ठाऊक होता, म्हणून सहा वर्षे त्याने साथ दिली.

दुसरे उदाहरण वडोदऱ्याच्या शेजारचे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेली. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने त्याची आखणी केली, आणि खेडा जिल्ह्यातील पीज येथे प्रक्षेपक उभारून जवळच्या गावांसाठी वेगळे कार्यक्रम दिले. उपग्रहाचे संकेत पकडण्यास खेड्यांत जी छत्री लावली होती तिचा व्यास सुमारे तीन मीटर, आणि ती बनविली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. याहून स्वस्त वस्तू कल्पिता येणार नाही! संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचे, दिसावयास साधे. परंतु योजकांनी संचांबरोबरच ठिकठिकाणी दुरुस्तीची ठाणी उभारली, सुटे भाग आणि जाणते हात तयार ठेवले. धूळ, उन्हाळा आणि चढउताराची वीज यांस तोंड देत खेड्यांतील चौकात चित्र दिसत राहिले ते या व्यवस्थेमुळे. शहरातील श्रीमंताच्या दिवाणखान्यातील परदेशी संच मात्र एक सुटा भाग मिळत नाही म्हणून महिनोन्‌महिने झाकून पडलेला आम्ही पाहिला आहे.

मग ही घडी विसकटली कोठे? यंत्र करणाऱ्यांस टिकाऊपणा नेहमीच हवासा वाटतो असे नाही. १९२४ च्या डिसेंबरात जीनिव्हा येथे जगातील प्रमुख दिवे बनविणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘फीबस’ नावाचा संघ स्थापिला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणावयाचे ठरविले. त्याहून अधिक टिकणारे दिवे करणाऱ्या सभासदास दंड होई. अधिक टिकणारा दिवा करता येत नव्हता म्हणून नव्हे, तर तो करावयाचा नव्हता म्हणून! १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ साली अमेरिकेत ४९ डॉलर ९५ सेंट किमतीचा पहिला खिशातला रेडिओ विक्रीस आला. ट्रान्झिस्टर तापत नाही, व्हॉल्व्हसारखा थकत नाही. यंत्र स्वस्तही झाले आणि अधिक भरवशाचेही झाले. येथे शास्त्राने दिलेले दान नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आजचा स्वस्तातला भ्रमणध्वनीही वाडवडिलांच्या आठ व्हॉल्व्हच्या यंत्राहून कमी वेळा बिघडतो.

परंतु भाग जितके सूक्ष्म झाले तितके ते हाताबाहेर गेले. स्क्रूच्या जागी डिंक आला. पाठीचे झाकण काढण्यास खास हत्यारे लागू लागली. बॅटरी, जी दोन-चार वर्षांत क्षीण होणारच, ती आत चिकटवून टाकली गेली. आणि हे महागात अधिक घडले. कारण महाग यंत्र पातळ, चकचकीत आणि अखंड दिसले पाहिजे. २०१६ साली सॅमसंगचा ‘गॅलेक्सी नोट ७’ हा त्या कंपनीच्या सर्वांत महाग भ्रमणध्वनींपैकी एक होता. त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. कंपनीने जगभरातील सुमारे २५ लाख यंत्रे परत मागविली, बदलून दिलेलीही पेटली, आणि ११ ऑक्टोबर रोजी त्याचे उत्पादन कायमचे थांबविले. दुसरी गोष्ट आयफोनची. जुन्या यंत्रांची बॅटरी क्षीण झाली की त्यांचा वेग आज्ञावलीने कमी केला जातो, हे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. यंत्र अकस्मात बंद पडू नये म्हणून तसे केले, असे तिचे म्हणणे. अमेरिकेतील दाव्यात २०२० साली दोष मान्य न करता ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाईची तडजोड झाली. यातील मर्म असे की, नवी बॅटरी घातली की त्या यंत्रांचा वेग परत येत असे. किती जणांनी बॅटरीऐवजी नवे यंत्र घेतले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

महागाच्या बाजूचेही न्यायाने सांगितले पाहिजे. आजच्या यंत्राचा अर्धा जीव त्याच्या आज्ञावलीत असतो. ती अद्ययावत मिळेनाशी झाली की धडधाकट यंत्रही निरुपयोगी, किंबहुना चोरांस मोकळे होते. २०२३ साली गुगलने आपल्या ‘पिक्सेल ८’ यंत्रांस आणि २०२४ च्या आरंभी सॅमसंगने आपल्या ‘एस २४’ यंत्रांस सात-सात वर्षे अशी सेवा देण्याचे वचन दिले. स्वस्त यंत्रांस इतके दीर्घ वचन क्वचित मिळते. हे वचन पाळले गेले आणि मधल्या काळात वाजवी दरात बॅटरी बदलून मिळाली, तर दुप्पट किमतीचे यंत्र तिप्पट वर्षे चालून स्वस्त ठरू शकते. म्हणजे पुन्हा गाडी दुरुस्तीपाशीच येऊन थांबते.

ही गोष्ट ग्राहकांच्या चळवळीने आपल्याकडे फार लवकर ओळखली होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली. अहमदाबादेत प्राध्यापक मनुभाई शहा यांनी १९७८ साली ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र स्थापिले आणि पुढे त्या केंद्राने वस्तू प्रयोगशाळेत तपासून त्यांची तुलना लोकांपुढे ठेवण्याचा पायंडा पाडला. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा ही त्याच झाडाची फळे. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व तत्सम यंत्रे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिने हाती घेतली. जुन्या रेडिओच्या पोटात चिकटविलेला तो नकाशा परत मागण्याचीच ही खटपट आहे, असे आम्ही समजतो.

मिरजेचा तंबोरा आमच्या मते या साऱ्याचा उत्तम मापदंड होय. भोपळा, लाकूड आणि चार तारा; चांगला तंबोरा स्वस्त नसतो. त्याची जवारी वाजवून वाजवून घासते आणि आवाज मिटतो. म्हणून तंबोरा टाकून देत नाहीत. कारागिराकडून जवारी पुन्हा काढून घेतात आणि तो पुन्हा बोलू लागतो. दुरुस्ती हा तेथे अपघात नव्हे, वाद्याच्या रचनेतच ती गृहीत आहे. असा तंबोरा दोन पिढ्या वापरला जातो आणि त्याला मोजलेला दाम कोणास खुपत नाही.

तेव्हा देवळाच्या बैठकीत पुढच्या वेळी यंत्राचा विषय निघाला तर आमची नम्र सूचना अशी. किमतीपूर्वी आपला सभामंडप पाहावा. पन्नास माणसांच्या मंडपास पाचशे माणसांचे यंत्र म्हणजे सोन्याची तोफ; मात्र मागच्या रांगेतील वृद्धेस कीर्तनातील शब्द ऐकू येत नसेल तर तेथे हात आखडणे हाही अपराधच. पैसे मोजण्यापूर्वी विकणाऱ्यास विचारावे, हे आपल्या गावात कोण उघडतो, सुटा भाग किती वर्षे मिळेल, आणि ते लिहून द्याल काय? लिहून देण्यास जो कचरतो त्याचे यंत्र कितीही मोलाचे असले तरी भरवशाचे नव्हे. आणि जो निधी मंजूर होईल त्यातील काही भाग देखभालीसाठी बाजूस ठेवून, ते यंत्र एका जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावे. नंदादीपाला तेल घालणारा आपण नेमतो. यंत्राला मात्र कोणी नेमीत नाही, आणि ऐन उत्सवात ते मुके झाले की विकणाऱ्यास दोष देतो.

विश्वस्तांच्या हाती येणारा पैसा कोणाच्या तरी घामाचा, नवसाचा आणि विश्वासाचा असतो. त्याचा हिशेब केवळ पावतीने पुरा होत नाही. घेतलेली वस्तू किती वर्षे उपयोगी पडली आणि किती जणांच्या कानी देवाचे नाव घालून गेली, यानेच तो पुरा होतो. घरच्या पैशासही हाच न्याय लावला, तर महाग आणि स्वस्त यांचा वाद पुष्कळसा आपोआप मिटेल.